आत या म्हटल्याशिवाय

सिनेमाचा पहिला अर्धा भाग उत्तम होता आणि दुसरा वाया घालवला होता, हे माझं मत आजही बदललेलं नाही. माझं मशीनचे सुटे भाग करायचं वर्कशॉप आहे. एखादं ओतकाम वरून गुळगुळीत दिसतं, पण कापलं की आत हवेची पोकळी निघते. या सिनेमाचं तसंच झालं होतं. पण ती पोकळी दाखवायच्या आधी माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर मी अर्धंच खरं सांगितल्यासारखं होईल.

तिकिटं मुलीनं काढली होती. तिनं जातीबाहेर लग्न केलं. मी विरोध केला नाही, आणि त्याचा मला जरा अभिमानही होता. मी फक्त एक गोष्ट केली नाही. जावयाला कधी घरात बोलावलं नाही. आमच्या दारात मीटर बघायला आलेला माणूसही "या की पावणं, चहा घ्या" ऐकल्याशिवाय परत जात नाही. सिलिंडरवाला तर थेट स्वयंपाकघरात जातो. जावई मात्र उचगावहून मोटारसायकलवर मुलीला सोडायला येतो, ती आत येते आणि तो फाटकाशी थांबतो. बायको मुलीच्या हाती चहा बाहेर पाठवते. चहा पिऊन तो फाटकाजवळच्या नळावर कप विसळतो आणि कठड्यावर पालथा ठेवतो. त्याला तसं कुणी सांगितलं नव्हतं. ठेवू नका, असंही कुणी म्हटलं नव्हतं.

मागच्या आठवड्यात मुलगी निघताना म्हणाली, "पप्पा, रविवारी आमच्यासंगं सिनेमाला या. आणि ह्याच्या फुडं मीपण फाटकातनंच परत जाणार हाय." आवाज चढला नव्हता, म्हणून मी जास्त घाबरलो. बायकोला रक्त बघवत नाही, ती घरीच राहिली. आम्ही तिघं दुपारच्या खेळाला गेलो.

सिनेमातली बाई रक्त पिणारी आहे आणि इस्पितळात डायलिसिसच्या वॉर्डात रात्रपाळीची नर्स आहे. काळा झगा नाही, सुळे नाहीत. रात्रपाळी करणाऱ्या कुठल्याही माणसाचे असतात तसे तारवटलेले डोळे आहेत. बाकीच्या नर्सा डबा उघडतात तेव्हा ती काहीतरी काम काढून उठून जाते. तिला आपल्या भुकेची लाज वाटते. पिशाच्च भीतिदायक करणं सोपं असतं. दमलेलं, शरमिंदं करणं अवघड, आणि ते त्या दिग्दर्शकाला जमलं होतं.

तिला एक नियम आहे. घरमालकानं तोंडानं "आत ये" म्हटल्याशिवाय तिला उंबरा ओलांडता येत नाही. एका म्हाताऱ्या पेशंटची औषधं वॉर्डात राहून जातात, ती द्यायला ती त्याच्या घरी जाते. दार उघडं आहे. कॅमेरा घरात आहे, म्हणजे आपण आत बसून तिच्याकडं बघतो. संगीत नाही. म्हातारा टीव्ही बघत सोफ्यावरूनच तिच्याशी गोड बोलतो, तब्येतीचं सांगतो, फक्त आत ये एवढं म्हणत नाही. एवढा चांगला प्रसंग मी बऱ्याच दिवसांत बघितला नव्हता.

तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अगं ये की आत! चा टाकलाय!"

"कोल्हापुरात ये म्हणावं हिला, उपाशी मरायची न्हाय!" दुसरा म्हणाला.

सगळं थेटर हसलं. मीही हसलो, आणि हसता हसता शेजारी बघितलं. मुलगी हसत नव्हती. जावई समोर बघत एकेक पॉपकॉर्न खात होता. त्यानंतर मला खुर्चीत नीट बसता आलं नाही.

मध्यंतरानंतर सिनेमा घसरला. ती अशी का झाली याचं लांबलचक स्पष्टीकरण आलं. भंगाराच्या गोदामात मारामारी झाली. कॉम्प्युटरवर केलेलं रक्त सॉससारखं चकाकत होतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे शेवटी ती म्हाताऱ्याच्या खिडकीची काच फोडून, कुणी न बोलावता आत शिरली.

बाहेर गाड्यावर चहा घेताना मी निकाल देऊन टाकला. "नियम केला की शेवटपर्यंत पाळायचा. खिडकीतनं घुसायचं होतं तर पहिल्यांदाच घुसायचं."

जावई कॉलेजात शिकवतो, माझ्यापेक्षा जास्त शिकलेला आहे. पण माझ्यासमोर कमी बोलतो. तो म्हणाला, "मामा, मला खिडकीचं पटलं. किती येळ उभं ऱ्हायचं एखाद्यानं?"

"बास की," मुलगी त्याला म्हणाली.

"न्हाय, सिनेमाचंच बोलतोय. चुकलं ते दुसरंच. दारात उभी असताना ती नुसती आत टक लावून बघती. तसं नसतंय. बाहेर उभं ऱ्हायलं की माणूस कुंड्या बघतंय, शेजाऱ्याच्या गाडीचा नंबर वाचतंय. तुमच्या कढीपत्त्यावर मावा पडलाय, मामा. पानांच्या मागच्या बाजूनं बघा."

त्यानं टोमणा मारला नव्हता. तो खरंच कढीपत्त्याचं सांगत होता. मी चहाचा उरलेला घोट तसाच ठेवला.

मी स्कूटरवर पुढं आणि ते दोघं मागं, असे घरी आलो. फाटकाशी त्यानं मोटारसायकल थांबवली, नेहमीसारखी चालूच ठेवली. मुलगी उतरली, पण आत आली नाही. त्याच्या शेजारी उभी राहिली. मी फाटक उघडलं. सिलिंडरवाल्याला दरवेळी सहज म्हणतो ते शब्द तोंडातून निघेनात. शेवटी निघाले ते रस्त्यापलीकडच्या माणसाला हाक मारावी तसे.

"या की पावणं! आत या!"

समोरचे शेजारी बघायला लागले. जावयानं मुलीकडं पाहिलं, मग गाडी बंद केली.

"बूट कुठं काढू?" त्यानं विचारलं.

माझ्या जावयाला हे विचारावं लागलं, ही गोष्ट माझ्या खात्यावरून कधी पुसली जाणार नाही. मी जागा दाखवली. बायकोनं दारात त्याला बघितलं आणि ती चहा टाकायला वळली. मुलगी तिच्या मागोमाग गेली.

तो सोफ्याच्या कडेला बसला. कप अर्धा झाल्यावर म्हणाला, "पण मामा, गोदामातली मारामारी चांगली घेतली हुती."

"अजिबात न्हाय," मी म्हणालो. "त्यापेक्षा आमच्या वर्कशॉपातली भांडणं बरी."

तो पहिल्यांदाच मोठ्यानं हसला. मग चहा संपवून, बोलता बोलताच, कप घेऊन उठला आणि बाहेरच्या नळाकडं निघाला.

"ठेवा तिथंच," मी म्हणालो आणि कप त्याच्या हातातून घेतला.