लंडन ते मुंबई, नऊ तास

काल मुलीने फोनवर लंडन-मुंबई विमान बघितलं आणि सहज म्हणाली, "आई, ओन्ली नाइन अवर्स!" तिला काय माहीत, पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

वीस वर्षांपूर्वी मी इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या एका हॉस्पिटलात ज्युनिअर डॉक्टर होते. नागपूरला बाबांना मोठा हार्ट अटॅक आला होता. रोटा, म्हणजे डॉक्टरांच्या ड्युट्या आणि रजा, बघणाऱ्या बाईंनी कम्प्युटरवर अंतर शोधून स्क्रीन माझ्याकडे वळवली. "फक्त नऊ तास! मग चार दिवसांची रजा पुष्कळ झाली."

"पण मला नागपूरला जायचंय."

"ते मुंबईजवळच ना?"

लांब पल्ल्याच्या बसने लंडनचा हीथ्रो विमानतळ, मुंबईत टर्मिनल बदलून सहा तास ताटकळणं, पुढचं विमान लेट. माझ्या दारापासून बाबांच्या खाटेपर्यंत तीस तास लागले. आयसीयूत स्पिरिटचा उग्र वास होता. बाबांनी माझं बोट घट्ट धरलं. "किती दिवस आहेस, बेटा?"

"उद्या निघायचंय, बाबा."

त्यांनी मान हलवली, जणू चूक त्यांचीच होती. मी परतीच्या विमानात असताना ते गेले.

आज मी स्वतः कन्सल्टंट, म्हणजे वरिष्ठ डॉक्टर आहे. तेव्हा भांडायला हवं होतं, हे आता कळतं. पण व्हिसा नोकरीवर अवलंबून होता आणि मी घाबरले होते. त्या बाईंचा राग अजून येतो. त्याहून जास्त माझाच येतो, कारण रजेचा कागद घेताना मी हसून म्हणाले होते, "थँक यू सो मच."