येमूल मॅडमची नारळी पौर्णिमा

येमूल मॅडम वर्गात शिरल्या की फळ्याकडे जायच्या आधी टेबलावरच्या स्टीलच्या डब्याचं झाकण काढत आणि पहिल्यांदा स्वतःचा मोबाईल आत ठेवत. मग तो डबा बाकांवरून फिरे. डबा पोह्यांचा, पाच किलोचा, झाकणावर त्यांच्या आईचं नाव कोरलेलं. एकदा आमचे संचालक वर्ग बघायला आले, तर त्यांच्यापुढेही डबा आला. त्यांनी घसा खाकरून पाहिला. मॅडम डबा धरून उभ्याच राहिल्या. शेवटी संचालकांचा फोनही पोरींच्या फोनांवर जाऊन पडला.

आमची संस्था सात रस्त्याजवळ, दुसऱ्या मजल्यावर. मॅडम तिथं नर्सिंग झालेल्या मुलींना जर्मन शिकवत आणि मी हॉटेल मॅनेजमेंटच्या मुलांना फ्रेंच. सोलापुरात फ्रेंच शिकवतो म्हटल्यावर लोक माझ्याकडे बघत नाहीत, माझ्या बायकोकडे बघतात, दयेनं. मॅडमचं तसं नव्हतं. त्यांच्या पोरी खरोखर जर्मनीला जात, तिथल्या दवाखान्यांत लागत आणि बर्फात उभ्या राहून काढलेले फोटो पाठवत. माझी मुलं फार तर पुण्याला जात.

मॅडम पूर्व भागातल्या, विणकराच्या घरातल्या. घरी तेलुगू, गल्लीत मराठी, वर्गात जर्मन. तिन्हींत त्या सारख्याच कमी बोलत. दवाखान्याच्या मुलाखतीची तयारी करून घेताना त्यांचं एकच पालुपद असे, "विचारलं तेवढंच सांगा." वैरागची अश्विनी म्हणून एक मुलगी होती. तिला नाव विचारलं की ती गाव, तालुका आणि वडिलांच्या शेळ्या सांगून मोकळी व्हायची. मॅडम तिला थांबवायच्या. "नाव विचारलंय की. शेळ्या कुणी विचारल्या?"

आता सुट्ट्यांकडे येतो, कारण माझा पराक्रम त्यातला आहे.

परदेशी भाषा शिकवणाऱ्याला सार्वजनिक सुट्टी असते का, हा प्रश्न आमच्याकडे दर जानेवारीत निघे. दसऱ्याला सुट्टी मागितली की संचालक म्हणत, "जर्मनीत आज कामाचा दिवस आहे." ईस्टरच्या सोमवारी मागितली की म्हणत, "तुम्ही राहता कुठं? सोलापुरात ना?" तरी रडतखडत एक यादी होती. तीत दिवाळी होती, गड्ड्याची यात्रा होती आणि नारळी पौर्णिमाही होती, कारण त्या दिवशी पूर्व भागात मार्कंडेयाचा रथ निघतो, माग बंद असतात आणि आमचे निम्मे विद्यार्थी तसेही येत नसत.

एका वर्षी संचालक वैतागून म्हणाले, "एक काय ते ठरवा. इकडची यादी घ्या नाहीतर तिकडची." मला वाटलं, सापडले. माझ्या डोळ्यांपुढे नाताळचे पंधरा दिवस आणि युरोपातली लांबलचक उन्हाळी सुट्टी नाचायला लागली. मी एकाच बैठकीत फ्रान्स आणि जर्मनीची एकत्र यादी टाइप केली आणि सगळ्यांच्या सह्या घेत फिरलो. मॅडम वही तपासत होत्या. त्यांनी विचारलं, "काय आहे?"

"सुट्ट्या वाढवून घेतोय, मॅडम. फायद्याचं आहे."

"आपली नारळी पौर्णिमा आहे ना यात?"

"सगळं आहे," मी म्हणालो. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी नारळी पौर्णिमा आठवतसुद्धा नव्हती. त्यांनी सही केली.

संचालकांनी यादी हसत मंजूर केली, तेव्हाच मला कळायला हवं होतं. ईस्टर रविवारीच येतो आणि त्याचा सोमवार मी टाइप करायचाच विसरलो होतो. उन्हाळी सुट्टी सार्वजनिक नसते, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. उरलेल्यांतल्या बऱ्याच त्या वर्षी शनिवार-रविवारी निघाल्या. पंधरा ऑगस्ट फ्रान्समध्येही सुट्टीचा दिवस आहे म्हणून मी त्यावर भरवसा ठेवून होतो, तर त्या दिवशी झेंडावंदनाला सकाळी सातला हजर राहायचं होतं. आणि आमचे गड्डा, दिवाळी, पौर्णिमा सगळं गेलं.

मॅडमचं काय गेलं, ते मला श्रावणात कळलं. त्यांचा थोरला भाऊ भिवंडीला मागावर होता. मॅडम त्याला अन्ना म्हणत. वर्षातून एकदा, नारळी पौर्णिमेला, अन्ना राखी बांधून घ्यायला यायचा. सकाळी उतरायचा आणि दुपारी तीनच्या एसटीनं निघायचा, कारण दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला उभं राहायचं असे. मॅडम एकट्या राहत. माहेरचं म्हणून येणारं तेवढं एकच माणूस.

आणि त्याच दिवशी, नऊ ते एक, मॅडमचा वर्ग लागला. दुसऱ्या दिवशी अश्विनीची खरी मुलाखत होती, म्हणून वर्ग टाळण्याची सोयही नव्हती.

सकाळी अकराला मी त्यांच्या वर्गात गेलो. म्हणालो, "मॅडम, तुम्ही घरी जा. मी यांचा वर्ग घेतो."

"तुम्हाला जर्मन येतं?"

"कामापुरतं."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. मॅडम म्हणाल्या, "ही मुलगी उद्या तुमच्यामुळं अडकायला नको. तुम्ही एक करा, सर. अन्ना घरी येऊन बसलाय. त्याच्याशी जरा बोलत बसा, त्याला करमत नाही. मी एकला सुटते, दीडपर्यंत पोचते. एवढंच करा."

एवढंच करायचं होतं. मी स्कूटर काढून पूर्व भागात गेलो. मागांचा खडखडाट बंद होता. अन्ना उंबऱ्यात बसला होता, नवा पांढरा सदरा घालून. मी ओळख सांगितली, पाणी प्यालो, पाच मिनिटं बोललो आणि मग माझं डोकं चालायला लागलं. माझं डोकं चाललं की लोकांनी सावध व्हावं, असं माझी बायको म्हणते. मी विचार केला, मॅडम दीडला पोचणार, हा अडीचला निघणार. भावाबहिणीला तास मिळणार. त्यापेक्षा याला संस्थेतच नेला तर बहिणीला शिकवतानाही बघेल.

"चला अन्ना, तुम्हाला बहिणीचा वर्ग दाखवतो."

"कशाला? ती येनार हाय की."

"दहा मिनिटांत पोचतो हो."

बिचारा उठला. कुलूप घातलं, किल्ली शेजारी दिली आणि माझ्यामागं बसला. कन्ना चौकाच्या अलीकडे आम्हाला रथ आडवा आला. पुढं लेझीम, मागं माणसं आणि मधे माझी स्कूटर. पुढं जाता येईना, मागं वळता येईना. अन्नानं हात जोडून रथाला नमस्कार केला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

साडेबाराच्या सुमारास त्यानं बहिणीला फोन लावला. वाजत राहिला. "डब्यात असतो," मी जाणकारपणे म्हणालो, "अजून वर्गातच आहेत." एक वाजता लावला, वाजत राहिला. सव्वाला लावला. "बघा, म्हटलं नव्हतं? सुटल्या नाहीत." आणि आम्ही इंचाइंचानं सात रस्त्याकडे सरकत राहिलो.

संस्थेत पोचायला दोन वाजून वीस मिनिटं झाली. वर्गात अश्विनी एकटी डबा मांडीवर घेऊन बसली होती.

"मॅडम कवाच गेल्या की, सर. बारालाच. म्हनल्या, बरं बोलतीयास आता, मी जाते. गडबडीत फोन इसरल्या. लई वाजला हो, पर दुसऱ्याचा फोन कसा उचलायचा?"

अन्नानं घड्याळ बघितलं. मी म्हणालो, "पटकन परत जाऊ."

"त्याच रस्त्यानं?" त्यानं विचारलं. मग म्हणाला, "स्टँडवर सोडा, सर. गाडी चुकली तर पाळी जाती."

मी सोडलं. खिडकीत बसल्यावर त्यानं मनगट एकदा चोळलं आणि मला म्हणाला, "तिला सांगा, अन्ना बरा हाय."

घरी निरोप सांगायला जायचं धाडस मला चार वाजता झालं. मॅडम दारातच बसल्या होत्या. शेजारी पाट मांडलेला, ताटात राखी, कुंकू, निरांजन. शेजारणीनं सांगितलं होतं त्यांना, तुमचे सर घेऊन गेले म्हणून. त्या साडेबारापासून वाट बघत होत्या; आमचे नंबर डब्यातल्या फोनमध्ये अडकलेले. मी सगळं सांगितलं, यादीसकट. सही घेताना खोटं बोललो होतो तेही सांगितलं.

"गाडी मिळाली का त्याला?"

"मिळाली."

"जेवला का?"

"नाही."

त्या आत गेल्या. मला वाटलं आता दार लागणार. त्या ताट घेऊन आल्या, अन्नासाठी केलेलं, पुरणपोळीचं. "तुम्ही पण जेवला नसाल. बसा." मी त्या पाटावर बसून जेवलो. त्यांनी तूप वाढलं, पोळी वाढली आणि ती संपायच्या आत दुसरी वाढली. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर घास सोपा गेला असता.

दुसऱ्या दिवशी अश्विनीची मुलाखत चांगली झाली. तिसऱ्या दिवशी मॅडमनी राखी पाकिटात घालून भिवंडीला पाठवली आणि टपाल कचेरीतून थेट संचालकांच्या खोलीत गेल्या. मला बरोबर नेलं, पण तोंड उघडायचं नाही या अटीवर.

"जुनी यादी परत लावा," त्या म्हणाल्या.

"मॅडम, तुमची सही आहे."

"आहे. न वाचता केली, ती माझी चूक. यंदा पाळते. पुढच्या वर्षी जुनी यादी नसेल तर मी नसेन."

संचालक त्यांना जर्मनीतल्या कामाच्या संस्कृतीबद्दल सांगू लागले. मॅडमनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ते लोक सुट्टीच्या दिवशी फोनसुद्धा उचलत नाहीत, सर. मी त्यांचीच भाषा शिकवते." आणि बाहेर आल्या. जर्मन शिकवणारं दुसरं माणूस संचालकांनी चार महिने शोधलं. जानेवारीत जुनी यादी भिंतीवर लागली. टाइप मात्र मला करू दिली नाही.

पुढच्या नारळी पौर्णिमेला मॅडमनी मला घरी बोलावलं. मी चालत गेलो. अन्ना पाटावर बसला होता. मला बघून त्यानं बहिणीकडे पाहिलं.

"हेच ना गं?"

"हेच," मॅडम म्हणाल्या.

अन्ना पाट किंचित आत ओढून बसला. मॅडमनी कुंकू लावलं, ओवाळलं, राखी बांधली, गाठ दोनदा ओढून बघितली. मग निरांजन बाजूला ठेवत माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "झालं, सर. आता न्या त्याला कुठं न्यायचं तिथं."