पणजीचं माहेर

चीनच्या लढाईनंतरच्या वर्षी मी गाव सोडलं. यष्टीच्या टपावर ट्रंक चढवली, आई तांब्याची घागर माझ्या बायकोच्या हातात देत होती, तेवढ्यात भावकीतला बापूतात्या सगळ्यांदेखत म्हणाला, "उपऱ्यांना गाव सोडायला काय लागतंय! ह्यांची पणजी तरी कुठं लग्नाची हुती?"

वडील खाली मान घालून उभे. मी त्याच्या अंगावर जाणार होतो, पण आईनं दंड धरला. "पोटासाठी निघालायस, पोटाकडं बघ."

आकुर्डीत खोली घेतली, कंपनीत भट्टीवर लागलो. शिफ्ट, ओव्हरटाइम, सगळं अंगवळणी पडलं. ते बोलणं मात्र पचलं नाही. पणजीचं नाव सगुणा. नवरा लवकर गेला, तान्हं पोर पाठीला बांधून तिनं माळ फोडला आणि शेत केलं, एवढंच वडील सांगायचे. माहेर कुठलं, कुणाला ठाऊक नाही.

पुढं दुष्काळ सरल्यावर भावकीनं कुलदैवताच्या देवळात वंशावळीची फरशी बसवायची ठरवली. बापूतात्याचा निरोप आला: पणजी लग्नाची होती हे दाखवा, नाहीतर फरशीवर तुमची फांदी नाही. मी चौथीतनं शाळा सोडलेला माणूस. पण म्हटलं, दाखवतोच.

आमच्या भागात हेळवी येतात. एकेका घराण्याची वंशावळ पिढीजात लिहून ठेवायची आणि दारात बसून सुरात म्हणायची, हा त्यांचा धंदा. आमच्या हेळव्याला गाठलं. त्याच्या पोथीत पणजोबा, त्यांचा लेक, मग माझे वडील. पणजीचा पत्ता नाही.

एके दिवशी नळावर शेजारीण माझ्या बायकोला म्हणाली, "अगं, तुझ्या घागरीवर चंद्रा कोरलंय, खडकेवाडीची! मालकांची कोण म्हणायची ही?" बायका हसल्या. हिनं घरी येऊन घागर माझ्यापुढं आदळली. आईनं दिलेली ती घागर आम्ही आजवर जुन्या बाजारात घेतलेली समजत होतो, त्यामुळं त्या नावाकडं कधी लक्ष दिलं नव्हतं. मीही हसलो, आणि हसताहसता घागर जवळ ओढून ते नाव पुन्हा वाचलं. माझी बायको तरी लग्नाआधी कुठं शालिनी होती? लग्नात नाव बदललं. मग पणजीचंही बदललं असणार, आणि घागर तिच्या माहेरची.

हेळवी सुगीनंतर गावोगाव फिरतात, म्हणून सुगी झाल्यावर रजा मागितली. सुपरवायझर म्हणाला, "राव, मेलेल्या बाईसाठी रजा?"

"बाई मेली, तिच्यावरचा आळ जिवंत हाय. सही करा."

खडकेवाडीच्या धर्मशाळेत तळ ठोकला. तिथल्या घराण्यांचा हेळवी अखेर बैलावर बसून आला. आमच्या पोथीत पणजी नाही म्हटल्यावर म्हातारा माझ्याकडं बघतच राहिला. "येडा हाईस काय? लेक बापाच्या घरात लिवत्यात. सासरच्या पोथीत कशी गावंल?" त्यानं पोथी उघडली आणि सूर लावला. चंद्रा, थोरली लेक. दिली आमच्या गावाला, माझ्या पणजोबांच्या घरात. सासरी नाव सगुणा. नवऱ्यामागं भाऊ न्यायला गेला, आली नाही.

त्या म्हाताऱ्याला यष्टीत घालून मी देवळात नेलं. भावकीपुढं त्यानं पुन्हा सगळं म्हटलं. बापूतात्या खाकरला. "बरं, फांदी घालू. पर बाईचं नाव फरशीवर कोरत न्हाईत."

"आजपासनं कोरायचं," म्हटलं, आणि पाथरवटाशेजारी फतकल मारून बसलो. शेवटचं अक्षर होईस्तोवर उठलो नाही.

आता आमचा हेळवी आकुर्डीलाही येतो. पहिल्यांदा आला तेव्हा त्यानं विचारलं, "गाव जुनंच ठिवू न्हवं?" आमच्याकडंच राहायला आलेले वडील आत बाजेवर पडून ऐकत होते. गावच्या माणसांनो, राग मानू नका. सगुणा जिथं राबली, तिथलीच झाली. मीही तिचाच पणतू.

"आकुर्डी लिवा," मी म्हटलं. "आणि खाली माझ्या दोन्ही लेकींची नावं."