आम्ही सोडलेली एस.टी.

हिच्याबरोबर, म्हणजे बायकोबरोबर, शेवटचं काय केलं, तर एक एस.टी. सोडली. माळशेज घाटात, दुपारी, भर पावसात. गाडी आमच्यासाठीच थांबली होती. कंडक्टर दारातून ओरडत होता, "आजोबा, चला लवकर!" आणि ही कठड्यावर बसलेली, उठेना.

"पुढची कवा हाय?"

"तासाभरानं. आली तर."

"मग जाऊ द्या ही गाडी."

मी हात हलवला. गाडी गेली.

मी चौथीपर्यंत शिकलो, फिरवून लिहिता येत नाही. हिचं हृदय वाढलं होतं. दमायचं नाही, भिजायचं नाही, असं डाक्टर बोलला होता. आणि मी तिला घाटात आणून बसवलेली.

आमचं घर टोकावड्याच्या पुढं. अंगणातून डोंगर दिसतो, पावसात त्याच्यावर पांढऱ्या रेघा उतरतात. लग्न होऊन आली तेव्हापासून ही बोलायची, "एकदा ते पाणी जवळनं बघायचंय." पण धबधबे पडतात ते नेमके आवणीत, भाताची लावणी चालू असताना. तेव्हा आम्ही चिखलात वाकलेले. मुंबईच्या गाड्या रस्त्यानं वर जायच्या, आम्ही मान वर करून बघायचो आणि परत रोप लावायला लागायचो. हात मोकळे होईपर्यंत डोंगर सुकलेला. पुढच्या वर्षी जाऊ, असं मी दरवर्षी बोललो. खोटंच बोललो.

यंदा तिच्या दुखण्यामुळं जमीन दुसऱ्याला अर्धेलीनं कसायला दिली. जन्मात पहिल्यांदा आवणीत हात रिकामे. सकाळी तिनं भाकरी बांधली आणि इरलं काढलं, आवणीत डोक्यापाठीवरून घेतात ते पानांचं.

"छत्री घे गो. लोक हसतील."

"हसू द्या. वाऱ्यानं छत्री उडते. इरलं उडतं का?"

घाटात पोचलो तर शहरातल्या लोकांच्या छत्र्या उलट्या होत होत्या आणि ही आपल्या शेतात चालावं तशी चालत होती. एका पोरीनं फोटो मागितला. "काढ बाय, पण बिगीनं काढ, मला दम लागतो."

धबधबा मात्र कुठंच नव्हता. सगळं धुकं. नुसता आवाज, भुईतून आल्यासारखा.

"हे बघायला आणलंत मला?"

"धुकं मी सोडलं काय?"

कठड्यावर माकडं भिजत बसली होती. हिनं फडकं सोडलं तशी एका माकडिणीनं अर्धी भाकर ओढून नेली. पोटाला पिल्लू चिकटलेलं. मी काठी उचलली.

"राहू द्या. लेकुरवाळी हाय. मी पण अशीच खायची, पोर पदराखाली आणि नजर रोपावर."

तेवढ्यात धुक्यातून कोणीतरी शीळ घातली. लांबलचक, सुरात. ही दचकली.

"कोण हाय मेला? या वयात मला शीळ घालतो!"

"मला घातली असेल."

"तुमचं तोंड बघून?"

मग तो दिसला. ओल्या कातळावर काळानिळा पक्षी, चोच वर करून माणसासारखी शीळ घालत होता. ही एवढी हसली की तिला श्वास पुरेना. मी पाठ चोळत बसलो. नेमकी तेव्हाच ती एस.टी. आली.

"चल. बस झालं."

"बघितल्याबिगर नाय उठत. तुमी जा."

गाडी गेल्यावर मी तिला लई शिव्या घातल्या. तिचे हात गार पडलेले, ते माझ्या घोंगडीत धरून शिव्या घातल्या. ती समोर बघत होती.

मग वारा आला. धुकं फाटलं. समोर अख्खा डोंगर फुटून पाणी पडत होतं. आणि मधेच वारा त्याला उचलून परत वर फेकत होता. ही उभी राहिली.

"अवं, ते वर चाललंय!"

तिनं खाली वाकून बघितलं. दरीत हिरवी खाचरं होती. "एवढं सगळं आपल्याकडंच येतं? आणि बांधाच्या पाण्यावरनं मी जावेशी चार पावसाळे बोलले नाय."

थोड्या वेळानं धुकं परत मिटलं. "चला," ती बोलली. पुढची गाडी वेळेवर आली.

घरी येऊन भात खाल्ला, निजली. पहाटे हाक मारली, उठली नाही.

सकाळी बाया जमल्या. मुलगा बोलला, "बाबा, कशाला नेलीत तिला?" मी बोललो, "तिला जायचं होतं." त्यापायी ती गेली असेल तर असेल. ती एस.टी. मी परत सोडेन.

एक बाई गळा काढून रडत होती, जन्म चिखलात गेला, काय बघितलं गो बाईनं. ते मला सहन झालं नाही. "बघितलं तिनं," मी बोललो. मग मी सगळं सांगितलं. माकडीण सांगितली, शीळ सांगितली, पाणी वर कसं जातं ते हातानं दाखवलं. एवढं मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो.

मग उठलो आणि तिच्या सरणासाठी माळ्यावरची सुकी लाकडं खाली उतरवायला लागलो. पोरं बोलली, तुमी बसा. मी बसलो नाही.