मुलाची प्रकृती ठीक नसल्यामुळे

हा किस्सा मी कुणाला सांगणार नव्हतो. पण तुम्ही चहा मागवलाय, वर खारी पण मागवलीय, तर ऐका. फक्त मध्ये हसू नका. हसायचं ते सगळ्यांचं कोर्टात हसून झालंय.

आमचं घर खरवईला. समोरचं घर नानाकाकाचं, म्हणजे माझ्या बापाच्या सख्ख्या धाकट्या भावाचं. मधे आठ फुटांची वाट. पूर्वी तिथून बैल जायचे, आता डिलिव्हरीवाले जातात. ही वाट कोणाची, यावर आप्पाने, म्हणजे माझ्या बापाने, मी तीन वर्षांचा असताना काकावर दावा लावला. आता मी बावीसचा आहे. दावा तिथेच. वाटेवर मनाई हुकूम, दोघांपैकी कोणी वीटसुद्धा ठेवायची नाही. बोलणं बंद. आप्पा अंगणात आला की काकाला एकदम गुरांना पाणी पाजायचं आठवतं आणि तो मागे जातो. गुरं विकून दहा वर्षं झाली.

आणि मला नेमकं त्या वाटेच्या तोंडाशी दुकान टाकायचं होतं. मोबाईल रिपेअरिंगचं. कॉलेज मी दुसऱ्या वर्षाला सोडलं, तेव्हापासून उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये एका सिंधी शेठकडे डिस्प्ले बदलतोय. खरवईत आता रस्त्यापलीकडे बिल्डिंगांचे टॉवर उभे राहिलेत. तिथे रोज किती स्क्रीन फुटत असतील, विचार करा. पण नाही. दोन म्हाताऱ्यांना हट्ट प्यारा. आप्पाला विचारलं, काय झालं आज कोर्टात, की उत्तर ठरलेलं: तारीख पडली. पाऊस पडला, पान पडलं, तशी यांची तारीख पडते. जणू पाडणारा कोणी नाहीच.

मी म्हटलं, बघतोच कोण पाडतो ते.

तीन व्हिडिओ बघितले आणि कायदेपंडित झालो. कोर्टाच्या वेबसाइटवर केस शोधली. सापडली की! रोजनामा उघडला. रोजनामा म्हणजे कोर्टात कोणत्या दिवशी काय झालं त्याची नोंद. आमच्या केसमध्ये काय झालं होतं? वादीचा मुदतीचा अर्ज, मंजूर. पुढच्या तारखेला प्रतिवादीचा मुदतीचा अर्ज, मंजूर. परत वादी. परत प्रतिवादी. बॅडमिंटन चालावं तसं. कोर्ट बिचारं मधे जाळीसारखं उभं.

कारणं बघायला खरे अर्ज बघायला हवेत. म्हणून मी माहितीच्या अधिकाराचा फॉर्म भरून उल्हासनगरच्या कोर्टात नकलांच्या खिडकीवर आपटला. आतल्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं. कोर्टाची फाइल माहितीच्या अधिकारात मिळत नाही म्हणाल्या, त्याचा वेगळा अर्ज असतो.

"तुझा या प्रकरणाशी संबंध काय?"

"काही नाही," मी छाती काढून म्हटलं. "मी जनता आहे."

"जनतेला प्रतिज्ञापत्र लागतं," बाई म्हणाल्या. "पक्षकाराचा मुलगा असशील तर वडिलांची सही आण."

जनता लगेच मुलगा झाली. घरी जाऊन आप्पापुढे कागद धरला, सिमकार्डच्या केवायसीचा आहे म्हणून सांगितलं. आप्पाने चष्मा न लावताच सही ठोकली. तुम्हाला आता जे वाटतंय ते तेव्हा मला वाटलं नाही. फसवणूक हा शब्द मी काकासाठी राखून ठेवला होता.

फाइल बघायला मिळाली दहा मिनिटं, तीही एका कर्मचाऱ्याच्या नजरेखाली. फोटो काढायचा नाही. फाइल केवढी? आमच्या गल्लीतल्या गणपतीच्या पाटाएवढी. मी भराभर पानं उलटत गेलो आणि एका जागी थांबलो.

वादीचा अर्ज आणि प्रतिवादीचा अर्ज, दोन्हींचं अक्षर एकच.

तेच तिरकं अक्षर, तीच शेपटी काढलेली शिरोरेघ. दुसऱ्या वर्षीचे अर्ज बघितले, सातव्या वर्षीचे बघितले. एकच हात. अक्षर कुठेतरी पाहिल्यासारखं वाटत होतं, पण आठवेना. आठवायला कोण बसलंय? माझ्या डोक्यात दिवा पेटला होता. पहिल्याच वर्षी आप्पाचे वकील वारले, काकाचे नाशिकला गेले, तेव्हापासून दोघं स्वतःच उभे राहतात. म्हणजे काकाने आप्पाच्या नावाने खोटे अर्ज घालून केस एवढी वर्षं झुलवली! आणि आमचा आप्पा, आयुष्यभर अंबरनाथच्या कारखान्यात लोकांच्या हजेऱ्या लिहिणारा, त्याला पत्ताच नाही. अर्जात काय लिहिलंय ते मी वाचलंच नाही. वाचून काय करायचं, चोर तर सापडला होता.

आप्पाला सांगितलं नाही. म्हाताऱ्यांना सांगितलं की ते विचार करायला बसतात.

तारखेच्या दिवशी शेठकडून सुट्टी घेतली आणि कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसलो. पुढे आप्पा एका टोकाला, काका दुसऱ्या टोकाला. मला बघून दोघंही चपापले. पुकारा झाला. काका उठला आणि मुदतीचा अर्ज पुढे केला.

मी उभा राहिलो. "मॅडम, हा अर्ज खोटा आहे. वादी आणि प्रतिवादीचे सगळे अर्ज एकाच माणसाने लिहिलेत. माझ्या वडिलांची फसवणूक झालीय."

शिपाई माझ्याकडे धावला. जज मॅडमनी हातानेच त्याला थांबवलं, मी कोण ते विचारलं आणि फाइल मागवली. चार-पाच अर्ज शेजारी शेजारी ठेवून बघितले. काकाची मान खाली. मला वाटलं, गेला.

"हे अक्षर कोणाचं आहे?"

शाळेत खिडकीची काच फोडलेलं पोरगं हात वर करतं ना, तसा आप्पाने हात वर केला. "माझं."

"प्रतिवादीचे अर्जही तुम्ही लिहिता?"

"त्याचं अक्षर त्यालाच वाचता येत नाय, मॅडम. कोर्टाचा खोळंबा नको. सही त्याची तोच करतो."

अख्खं कोर्ट हसलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी कारणं मोठ्याने वाचायला घेतली.

"मुलाला कांजिण्या आल्यामुळे. मुलाचा शाळाप्रवेश असल्यामुळे. हा प्रतिवादीचा: पुतण्याचा हात मोडल्यामुळे. मुलाची दहावीची परीक्षा असल्यामुळे. परत प्रतिवादी: पुतण्याने कॉलेज सोडल्यामुळे घरी काळजीचे वातावरण आहे." मॅडमनी मान वर केली. "हा मुलगा कुठे आहे?"

सगळ्या कोर्टाने वळून माझ्याकडे बघितलं.

आणि तेव्हा मला ते अक्षर आठवलं. माझ्या शाळेच्या रजेच्या चिठ्ठ्यांवरचं. पोटात दुखत असल्यामुळे, ताप असल्यामुळे. मी त्या कधी वाचल्या नाहीत, बाईंच्या टेबलावर टाकायचो. हात मोडला तो मी चिंचेवरून पडलो तेव्हा. आप्पा कामावर होता, काकाने मला खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलं आणि वाटभर शिव्या दिल्या. मला, चिंचेला आणि माझ्या बापाला. हे मी पार विसरलो होतो. फाइल विसरली नव्हती.

मॅडम म्हणाल्या, यापुढे मुदत नाही. तडजोड करायची तर जेवणाच्या सुट्टीत लिहून आणा, नाहीतर साक्षीपुरावा आजच सुरू.

सुट्टीत दोघं बाहेर पडले आणि सवयीने एका दालपकवानच्या, म्हणजे सिंधी डाळ आणि कडक पुरीच्या, गाडीवर जाऊन उभे राहिले. मी मागे. त्या वासानेच मला कळलं. लहानपणी तारखेच्या दिवशी आप्पा वर्तमानपत्रात बांधलेलं दालपकवान आणायचा, गार झालेलं, चटणी कागदाला लागलेली. मी तो कागदसुद्धा चाटायचो. मला वाटायचं आप्पा लढून येतो. आणि हे दोघं दर तारखेला इथे एका प्लेटमध्ये खात होते.

गाडीवाल्या सिंधीकाकांनी माझ्याकडे निरखून बघितलं. "ये वही है क्या? जो बीमार रहता है?"

"हाच तो," नानाकाका म्हणाला आणि पकवान मोडून प्लेट माझ्याकडे सरकवली.

माझं डोकं तरीही फिरलेलंच. म्हटलं, इथे एका ताटात खाता, मग घरी बोलायला काय झालं होतं?

"खरवईत बोललो असतो तर आधी कोण बोलला ते गावाला कळलं असतं," आप्पा म्हणाला.

"आणि आधी तोच बोलला होता," काका म्हणाला.

"मी नाय, तू."

एवढ्यासाठी एकोणीस वर्षं. सांगा, या लोकांना वडीलधारे म्हणायचं? त्यांनी गाडीच्या फळीवर कागद पसरला आणि दहा मिनिटांत तडजोड लिहिली. आप्पा लिहीत होता, काका सांगत होता. वाट दोघांची सामाईक. त्यावर कोणी बांधकाम करायचं नाही. मग काकाने माझ्याकडे बघून एक ओळ वाढवायला लावली: वादीच्या मुलानेही नाही.

"आप्पा, माझं दुकान," मी म्हटलं.

"मना फसवून सही घेताना दुकान आठवलं नव्हतं?" आप्पा मान वर न करता म्हणाला. चष्मा नव्हता, पण वाचलं होतं त्याने.

एकोणीस वर्षांची केस दुपारपर्यंत संपली आणि हरला तो एकटा माणूस, जो त्यात पक्षकारच नव्हता.

आता दोघं घरी बोलतात. म्हणजे भांडतात, पण मोठ्याने, तोंडावर. तरी महिन्यातून एकदा उल्हासनगरला जातातच. कशाला, विचारलं तर म्हणतात, काम आहे. येताना माझ्यासाठी पुडा असतो. अजून गारच.

हुकुमाची नक्कल आणायला अर्थात मलाच पाठवलं. त्याच खिडकीवर त्याच बाई. अर्जात रकाना होता: प्रकरणाशी संबंध. मी आधी 'जनता' लिहिलं, खोडलं. मग लिहिलं, विलंबाचे कारण.

बाईंनी वाचलं. परत वाचलं. आमची फाइल ओढून एक जुना अर्ज काढला, माझ्या अर्जाशेजारी ठेवला, माझ्या शिरोरेघेच्या शेपटीवर बोट ठेवलं आणि चष्म्यावरून बघितलं.

"हाही वडिलांनीच लिहून दिला का?"