शोशाम्मा टीचरची शिकवणी

केरळातल्या पाला गावच्या आम्हा नर्सिंग झालेल्या मुलींना जर्मनीला जायची घाई, आणि वाट अडवून बसलेला जर्मन परीक्षेतला वाचनाचा पेपर. शब्द आम्ही जपमाळेसारखे घोकलेले. उताऱ्यातला शब्दन्‌शब्द ओळखीचा असायचा, पण उतारा म्हणतो काय, ते कुणालाच ठाऊक नसायचं.

शोशाम्मा टीचर लग्नानंतर बरीच वर्षं तिकडे राहिलेल्या. नवरा गेला तशा कडेवरच्या लेकीला, जिन्सीला, घेऊन परतल्या आणि रबराच्या शीट वाळत टाकलेल्या ओसरीवर त्यांनी शिकवणी काढली.

रविवारी मिस्सा सुटली की चर्चच्या फाटकाशी आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका अनोळखी पोरीला धरतात. "कुणाची गं तू? कुठल्या घरची?" घराचं नाव सांगितल्याशिवाय सुटका नाही. टीचरनी तेच वर्गात आणलं. एका उताऱ्यात वृद्धाश्रमातल्या आजींनी न विचारता मांजर आणलं होतं आणि व्यवस्थापकांना ते पटलं नव्हतं.

"हे 'ते' कुठल्या घरचं?"

"मांजराच्या," ब्लेस्सी म्हणाली.

"मांजर पटायला सोयरीक करायचीय का त्याच्याशी? मागे जा, बाई. आजींनी विचारल्याशिवाय आणलं, ते पटलं नाही!"

मग 'तरीही', 'म्हणून', 'ती दोघं' अशा सगळ्यांना आम्ही फाटकाशी अडवू लागलो. उतारे उलगडू लागले, एकेक जण विमानात बसू लागली. काय दिवस होते ते! उकडलेल्या टॅपिओकाचा वाफाळता कप्पा, मिरचीची चटणी आणि आमची मोठमोठ्यानं चाललेली उलटतपासणी.

मोठी होऊन आमच्याच वर्गात बसणारी जिन्सी मात्र दोनदा नापास झाली. टीचर तिला वर्गात कधी काही विचारतच नसत. ब्लेस्सीची जीभ कुठली गप्प बसते?

"टीचर, जगाच्या पोरी पाठवता. स्वतःची तेवढी मागच्या बाकावर का?"

टीचरनी खडू खाली ठेवला. "ही गेली की या घरात मी आणि कुत्रा," त्या म्हणाल्या. जिन्सी मान खाली घालून बसली होती.

दुसऱ्या दिवशी पहिला प्रश्न जिन्सीला. मग रोजच तिला. चुकली की बोलणीही आमच्यापेक्षा जास्त. तिसऱ्या खेपेला ती पास झाली आणि गेली.

त्यानंतर मी निघाले, तिच्याच गावी. टीचरनी माशाचं लोणचं बांधून दिलं.

"लिजी मोळे, लेकी माझ्या, फोनवर ती छान चाललंय म्हणते. तू डोळ्यांनी बघ आणि मला खरं सांग."

बघितलं. सुजलेल्या डोळ्यांनी जिन्सीनं दार उघडलं, बरणीचं झाकण काढलं आणि उभ्या उभ्याच रडायला लागली. "अम्मच्चीला सांगू नकोस," एवढंच म्हणाली.

मी टीचरना फोन लावला. "छान चाललंय तिचं. लोणचं बघून खूश झाली."



"बरं," टीचर म्हणाल्या. "आज तिच्याकडेच राहा हं. एकटी नको सोडूस."