खाचेतलं कुंकू

कर्जत तालुक्यात सीसीटीव्ही कॅमेरे दुरुस्त करत फिरणारा हा माणूस यंत्रांना अहो-जाहो करतो आणि माणसांना अरे-तुरे. आमच्या संघटनेची पत्रकं तो वाचत नाही, त्यांच्यावर स्क्रू काढून ठेवतो. मला त्याची चीड यायची.

वस्तीच्या नळाचा पाइप कुणी फोडला, ते कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगमध्ये पाहायला आम्ही ग्रामपंचायतीत गेलो, तर टीव्ही काळाठिक्कर. "पुरावा दडवलाय!" मी ओरडलो. सरपंच भडकला. "ज्यानं बिघडवलं त्याला आजच घरी बसवतो!" रोजंदारीवरच्या शिपाई मावशींचा चेहरा पडला.

दुरुस्तीला बोलावलेला हा मात्र कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरशी बोलत होता. "लाईट तर लुकलुकतीया तुमची. मंग चित्र का देईना, साहेब?" त्यानं केबल उपसली आणि मागच्या खाचेत डोकावला. मीही वाकून पाहिलं. खंडेनवमीला मावशींनी यंत्राची पूजा केली होती, ते हळद-कुंकू थेट खाचेत गेलं होतं. त्यानं सरपंचाकडे पाठ करून जुन्या टूथब्रशनं खाच साफ केली, केबल पुन्हा लावली. चित्र आलं. रेकॉर्डिंग मागे नेलं, तर पाइपवरून गेलेला ट्रॅक्टर साफ दिसला.

"पर हे बिघडवलं कुनी?" सरपंचानं विचारलं.

"कुनी न्हाई रं. केबल ढिली हुती. मावशे, च्या टाक की!" लाल झालेला ब्रश त्यानं खिशात सारला.

खरं सांगायला उघडलेलं तोंड मी मिटलं. मावशी आता काम सोडून लेकीकडे गेल्यात, म्हणून आज हे आमच्या पत्रकात छापतोय. सरपंचाला जाब विचारायचा असेल तर त्यानं मला विचारावा, या दुरुस्तीवाल्याला नाही.